दाताखालचं शिसं

माझ्या स्वयंपाकघरातली वरणाची पळी कोणी दुसऱ्या कामाला वापरली, तर ते मला कोणी सांगावं लागत नाही. त्या दिवशी अंगणवाडी बंद करून घरी आले, हातपाय धुतले, वरण ढवळायला पळी उचलली तर ती हाताला जड लागली. बघते तर तिच्या खोलग्यात चंदेरी खपली बसलेली. नखानं खरवडली, नखात काळं आलं. गॅसच्या एका शेगडीवर वरणाचा गंज उकळत होता, दुसरी नुकतीच बंद केलेली होती, आणि दोन्हींच्या मध्ये माझी सून उभी राहून कणीक मळत होती. पाचवा महिना लागला होता तिला.

"हे काय होय?" मी विचारलं.

"त्यायनं शिसं वितळवलं, आई. आत्ताच झालं. पळी मी घासूनच ठेवनार होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेवर नाही. तिचा काय दोष, नवऱ्यानं पळी मागितली, तिनं दिली. मी मागच्या अंगणात गेले. तिथे माझा मुलगा, बी.ए. झालेला, तिशीला टेकलेला, बसला होता. पुढ्यात साचा, बाजूला थंड होत असलेल्या शिशाच्या मुंड्या, आणि त्याच हातानं पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणं चाललेलं.

आमचं घर ढिवराचं, आरमोरीच्या अलीकडे वैनगंगेच्या काठावरचं. नवऱ्याचा सारा जन्म जाळं फेकण्यात गेला. मुलाला जाळ्यात रस नाही. त्यानं मोबाइलवर बघून जिग बनवायचं शिकून घेतलं. जिग म्हणजे काय, हे मलाही त्यानंच सांगितलं. मोठा गळ घ्यायचा, साच्यात ठेवायचा, त्याच्या वरच्या टोकाला वाटाण्याएवढी शिशाची मुंडी ओतायची. मुंडीला लाल-पिवळा रंग द्यायचा, मागे कोंबड्याची पिसं बांधायची. पाण्यात टाकलं की वजनानं झपकन खाली जातं, दोरी झटकली की उड्या मारतं, आणि मरळ माशाला वाटतं बेडूकच आला. रविवारी ब्रह्मपुरीहून, गडचिरोलीहून, पार नागपूरहून शौकीन लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आमच्या जुन्या मालगुजारी, म्हणजे मामा, तलावावर येतात, ते हे जिग घेतात. सोबत दोरीला लावायचे शिशाचे बारीक छर्रेही घेतात. धंदा बरा चालला होता. पिसं बांधायचं आणि दोरीवर छर्रे बसवायचं काम ओसरीत बसून माझी मोठी मुलगी करायची. तिच्या हाताला जी सफाई आहे ती आमच्या घरात दुसऱ्या कोणाच्या हाताला नाही.

"घरात शिसं वितळवलं तुनं? तेबी वरनाच्या पळीत?" मी म्हटलं.

"अवो आई, बाहेर हवा राह्यते, लवकर थंड होते ना."

"आनि घरात कोन उभं होतं? दिसलं नाई तुले?"

"काय होते बाप्पा! आजा वितळवत होता, पंजा वितळवत होता. कोन मेला?"

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकत आले आहे. लोहाच्या गोळ्या वाटायला गेले की हेच, शौचालयाचं सांगायला गेले की हेच. आमच्या मायनं काय गोळ्या खाल्ल्या होत्या? कोन मेला? अरे, जे मेले ते सांगायला येतात काय? आणि मेला नाही म्हणजे धड राहिला, हे तुम्हाला कोणी सांगितलं? पण बाहेरच्या बायांना मी हे शांतपणे समजावून सांगायची, पगार त्याचाच होता. स्वतःच्या पोराला शांतपणे सांगायचा पगार मला कोणी देत नव्हतं. मी त्याच्या समोरचा साचा उचलला आणि उकिरड्यावर फेकला. पळी तर आधीच फेकली होती.

तो उठून साचा शोधायला गेला. असा तो.

शिशाचं मला कसं कळलं तेही सांगते. काही महिन्यांपूर्वी आम्हा सेविकांचं एक प्रशिक्षण होतं. दिवसभर तेच ते, दुपारच्या जेवणानंतर निम्म्या बाया पेंगत होत्या. एका डॉक्टरीणबाईनं सहज म्हणून सांगितलं की तुमच्या गावात कोणी जुन्या बॅटऱ्या फोडत असेल, शिसं वितळवत असेल, तर त्या घरातल्या लेकरांवर आणि गर्भारशींवर लक्ष ठेवा. शिसं धुरातून जातं, धुळीतून जातं, हाताचं तोंडात जातं. आईच्या अंगातलं पोटातल्या बाळापर्यंत जातं आणि बाळाच्या डोक्यावर बसतं. लेकरू उशिरा बोलतं, शिकवलेलं त्याच्या ध्यानात राहत नाही. वरून बघून काहीच कळत नाही. किती चालतं, असं एकीनं विचारलं, तर बाई म्हणाल्या, अजिबात चालत नाही.

मी पेंगत नव्हते. मी वहीत ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि गावात बॅटऱ्या कोण फोडतं याचा विचार करत एसटीनं घरी आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुसऱ्यांची घरं मी डोळ्यांपुढे आणली, पण ज्या घरात पिढ्यान्पिढ्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या लागतात ते माझं घर मला आठवलं नाही. पळी हातात आल्यावर आठवलं.

जाळ्याच्या काठाला शेकड्यांनी गोळ्या लागतात. चिरलेली गोळी दोरीवर बसवायची आणि दाबून बंद करायची. पकडीनं दाबली तर दोरी कापते म्हणून आमच्याकडे ती दातानं दाबतात. मूठभर गोळ्या गालात धरायच्या, जिभेनं एकेक पुढे आणायची, दाढेखाली घ्यायची, कच्च! हात दोरीला मोकळे राहतात, काम भराभर होतं. आणि आमच्या घराण्यात, बाकी ढिवरांत आहे की नाही मला माहीत नाही, एक रीत आहे. नवं जाळं तयार झालं आणि घरात गर्भारशी असली तर पहिली गोळी तिनं दातानं दाबायची. तिचं पोट जसं भरलं, तसं जाळं भरू दे. चार बाया बोलवायच्या, हळदकुंकू लावायचं, गूळ-खोबरं वाटायचं.

मीही दाबली होती. मोठी मुलगी पोटात होती तेव्हा. सासरे खूश झाले, म्हणाले, सुनेचे दात मोत्यासारखे आहेत. त्या कौतुकानं मी इतकी फुगले की त्या हिवाळ्यात सबंध जाळं माझ्याच दातानं झालं. दुसऱ्या घरचं जाळंही झालं. गालात गोळ्या भरून मी चुलीपुढे बसायची आणि शेजारी सासरे लोखंडी वाटीत शिसं वितळवायचे. तोंडाला जुन्या नाण्यासारखी चव यायची, ती भाकरीनं जायची.

मोठी मुलगी चार वर्षांची होईपर्यंत धड बोलली नाही. शाळेत घातली तर गुरुजींनी तिला मागे बसवलं, आणि मागेच ठेवलं. मठ्ठ, म्हणाले. बेचा पाढा सकाळी यायचा आणि दुपारी जायचा. मी अंगणवाडीची बाई, गावभरच्या लेकरांना गाणी शिकवणारी, आणि माझीच पोरगी अशी म्हणून मला लाज वाटायची. त्या लाजेपायी मी तिला मारलं आहे. हातावर, छडीनं, पाढ्यासाठी. ती रडायची नाही, हात पुढे करून उभी राहायची. पाचवीनंतर आम्ही तिला घरी बसवलं. बघायला दोन-तीन ठिकाणचे आले, पोहे खाऊन गेले. आता ती तिशी ओलांडून गेली आहे.

पळी फेकली त्याच संध्याकाळी मी त्या डॉक्टरीणबाईंना फोनवर गाठून विचारलं, की असं असं झालं असेल काय. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी सांगता येत नाही. असू शकतं, नसूही शकतं. हो म्हणाल्या असत्या तर मी छाती बडवून मोकळी झाले असते. नाही म्हणाल्या असत्या तर झोपले असते. मला दोन्ही मिळालं नाही, आणि याचा राग मी कोणावर काढू ते मला अजून कळलेलं नाही. घरी मी हे कोणाला सांगितलं नाही. पण सुनेच्या पोटातल्या बाळाच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढं पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सुनेला घेऊन दवाखान्यात गेले. रक्त काढलं, तपासायला नागपूरला पाठवलं. काही दिवसांनी कळलं की थोडं आलं आहे, घाबरण्यासारखं नाही, पण याच्यापुढे जाऊ देऊ नका. दूध द्या, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, आणि घरातून ती वस्तू काढा. मुलाला मी तो कागद दाखवला. त्यानं वाचला. मग खाली बघून म्हणाला, "मंग कायचं बनवू, सांग ना. गळाले वजन तं पाहिजेच."

हा प्रश्न बरोबर होता, हे मला रागातही कबूल करावं लागलं.

आधी आम्ही नट आणले, ट्रॅक्टरच्या गॅरेजमधले. गळाच्या टोकाला नट अडकवला, तारेनं बांधला. लोखंड शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाला मुंडी मोठी होते. तलावात टाकलं तर जिग रमतगमत खाली जातं आणि शेवाळात अडकतं. दोन दिवसांत जंग. मुलगा म्हणाला, जंगलेला माल कोण घेईल? मग कुंभाराकडून मातीचे मणी भाजून आणले. नवऱ्यानं ते हातात घेतले आणि बोटांत फिरवत म्हणाला, "माह्या आजाच्या जाळ्याले असेच होते." मग ते सोडले काऊन, मी विचारलं. तर म्हणे, शिसं आलं तेव्हा मातीचे मणी लावणाऱ्याला लोक हसायचे. म्हणजे बघा! चांगलं होतं ते लोक हसतात म्हणून टाकलं आणि विष गालात धरून मिरवलं. जाळ्याला मणी चालले असते, पण जिगची मुंडी मातीची होत नाही, दगडावर आपटली की फुटते.

मग मुलाच्या मोबाइलनं सांगितलं, कथील. शिशासारखंच वितळतं, त्याच्यापेक्षाही लवकर, साच्यात तसंच ओतता येतं, चमक राहते आणि जंगत नाही. लोखंडासारखंच हलकं आहे, मुंडी मोठी करावी लागते, पण साच्यातून गोल निघते, नटासारखी शेवाळात अडकत नाही. आम्ही दोघं बाजारात गेलो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात विचारलं. दुकानदारानं तारेचं रीळ काढलं. हेच कथील, म्हणाला, एकदम शुद्ध, डोळे मिटून न्या. आम्ही डोळे मिटून नेलं. आमची अक्कल!

आठवडाभर मुलानं त्याची जिगं केली. मी निश्चिंत. मग ब्रह्मपुरीच्या बाजारात एक म्हातारा कल्हईवाला दिसला. आता हे लोक कुठे दिसतात? भाता लावून बसला होता. मी आपली सहज त्याला ती तार दाखवली. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या पेटीतून कथलाची एक बारीक कांडी काढली, माझ्या कानापाशी आणली आणि वाकवली. ती कुरकुरली. खरंच कुरकुरली, नवी चप्पल वाजते तशी. मग आमची तार वाकवली. ती गप्प.

"खरं कथील वाकवलं का बोलते, बाई," तो म्हणाला. "ह्याच्यात शिसं हाय. रेडिओले डाग द्याची, जोडाची तार होय हे. भांड्याले मी लावली तं लोक मले जोड्यानं मारतील."

घरी येऊन रीळ बघितलं. कागदावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, इतका भाग कथील, इतका भाग शिसं. छापलेलं होतं! माझा बी.ए. पोरगा आठवडाभर ते रीळ हातात घेऊन बसत होता. "वाचलं नाई तुनं?" तर म्हणे, दुकानदार म्हनला ना शुद्ध.

मी दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेले. चोराच्या उलट्या बोंबा काय असतात ते तिथे बघितलं. "काकू, साऱ्या जगात हेच चालते," तो हसून म्हणाला. "तुम्हाले काय चाटायचं आहे काय ते?"

"होय," मी म्हटलं, "चाटायचंच आहे. आमच्या घरी हे दाताखाली धरतात. आनि माह्या सुनेले पाचवा सरून सहावा लागला. आता बोला."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. त्याचं हसू गेलं, पण चूक झाली असं त्याच्या तोंडून निघालं नाही. रीळ परत घेतो म्हणाला. मी परत दिलं नाही, तो दुसऱ्या कोणाला शुद्ध म्हणून विकेल म्हणून. पुरून टाकलं असतं, पण जमिनीत शिसं जाईल म्हणून तेही केलं नाही. अजून ते एका डब्यात बंद करून माळ्यावर ठेवलं आहे. काय करावं, कोणी सांगत नाही.

कल्हईवाल्याकडून खरं कथील आणलं. महाग पडलं, पडू दे. पहिल्या दिवशी बघते तर आमचे चिरंजीव नवं कथील जुन्याच वाटीत वितळवत होते, जिच्या बुडाला सहा महिन्यांचं शिसं चिकटलेलं. साचा तोच, उकिरड्यावरून आणलेला. गाढवापुढे वाचली गीता! पुन्हा भांडण. नवी वाटी, नवा साचा, गोठ्यामागे वेगळी चूल, कामाचे कपडे वेगळे, खर्रा घोटण्याआधी साबणानं हात. खर्राच सोड म्हटलं असतं, पण एका वेळी एकच लढाई. एक शौकीन साहेब जिग हातात तोलून म्हणाले, "पहले वाली बात नहीं है." मी ओसरीतून ओरडले, "साहेब, पहले वाली बात तुमच्या घरी वितळवा!" मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पण नंतर त्यानंच दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोठ्या ऐटीत सांगितलेलं मी ऐकलं, की आमच्या जिगमध्ये शिसं नाही, कान लावून बघा. मासे येत होते. मरळीला काय, तिला मुंडी कशाची आहे याच्याशी घेणं नाही.

असं वाटलं, जिंकले.

मग नवऱ्याचं जाळं तयार झालं. हिवाळाभर तो विणत होता. काठाला लोखंडी कड्या लावायच्या, हे त्यानं माझ्या तोंडाला कंटाळून कबूल केलं होतं. पण पहिली गोळी? सुनेला सातवा लागला होता. मी सांगितलं, रीत करा, आनंदानं करा, एक गोळी कथलाची घ्या, चिरून पातळ करून देते, ती तिच्या दाताला लागू दे. नवरा हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. मी ते हो समजले. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारानंतर मला कळायला हवं होतं की तो गप्प बसला म्हणजे त्याच्या मनाचं तो करणार आहे.

रविवारी सकाळी शेजारच्या बाया आल्या. घरात पाट मांडला, सुनेला हिरवी साडी नेसवली. मुलगी नेहमीसारखी दाराबाहेर ओसरीत तिच्या कामाला बसली होती. अशा कार्यात तिला पुढे करायचं नाही, असं आमच्याकडे कोणी कधी बोललेलं नाही. फक्त करत नाही. मी सुनेला कुंकू लावलं आणि कथलाची गोळी आणायला वळले, तेवढ्यात नवऱ्यानं कनवटीतून काहीतरी काढलं आणि सुनेच्या हातावर ठेवलं. काळीभोर, गुळगुळीत. त्याच्या बापाच्या जाळ्याची गोळी, त्यानं जपून ठेवलेली.

"रीत शिश्याची हाय," तो म्हणाला. "एका गोळीनं काय होते? एकच तं हाय."

सून माझ्याकडे बघायला लागली. सासरा समोर, बाया समोर, तिचा हात अर्धा वर गेलेला. मी तिच्या हातावर झडप घातली आणि गोळी हिसकून घेतली.

"अवो, काय करून राह्यली तू! शुभकार्य हाय!" नवरा ओरडला.

"एका गोळीनं काय होते?" मी म्हटलं, आणि मग मला थांबता आलं नाही. "मीबी एकच दाबली होती ना पह्यले! मंग तुमच्या बापानं माहे दात मोजले आनि मी दोन जाळे दाबले. आनि तेव्हा कोन होतं माह्या पोटात? सांगा ना! आपली पोरगी अशी काऊन झाली, विचारलं कधी? गुरुजी मठ्ठ म्हनले, आपन मठ्ठ म्हनलं. मी तिले मारलं, समजलं काय? मारलं! आनि ते कदाचित माह्याच दातानं झालं असन!"

बायांनी पदर तोंडाला लावले. मुलगा दारात उभा होता, तो भिंतीकडे बघायला लागला. नवरा पाटाशेजारी खाली बसला. त्यानं एवढंच विचारलं, "कोन म्हनलं असं?" मी म्हटलं, कोणी नाही म्हटलं, डॉक्टरीणबाईंनीही ठामपणे सांगितलं नाही, असू शकतं एवढंच म्हणाल्या. मी ती काळी गोळी पदराच्या टोकाला बांधली आणि कथलाची सुनेच्या हातात दिली. तिनं दाबली. कोणी गूळ वाटला. सगळं पार पडलं. मी जिंकलेच होते.

मी ओसरीत आले. मुलगी बसली होती, मांडीवर दोरी. सगळं ऐकलेलं असणार, दार उघडंच होतं. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही. तिला राग येतच नाही, ते आणखी वाईट.

"आई," ती म्हणाली, "वहिनीले तुनं नोको म्हनलं."

"होय, बेटा. तिच्या बाळाले चांगलं नाई ते."

"मले तं नाई म्हनलं."

मला आधी समजलं नाही. मग तिच्या पुढ्यातला डबा दिसला. छर्ऱ्यांचा. जिगचं शिसं बंद झालं होतं, पण छर्रे जुनेच होते, संपेपर्यंत वापरू म्हणून मुलानं ठेवलेले. गोठ्यामागची चूल मी तपासत होते, खर्ऱ्याचे हात तपासत होते, सुनेला दोनदा रक्त तपासायला नेलं होतं. ओसरीतून मी दिवसाला दहा वेळा जात-येत होते आणि ती तिथेच बसलेली असायची, सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. हिच्या बाबतीत जे बिघडायचं ते बिघडून गेलं, असं मी मनात धरून बसले होते. तोंडानं कधी म्हटलं नाही, पण धरून बसले होते. गुरुजींनी तिला मागे बसवलं म्हणून इतकी वर्षं मी त्यांना शिव्या दिल्या.

"तू कशानं दाबून राह्यली, बेटा?" मी विचारलं.

तिनं लहानपणी करायची तसा हात माझ्यापुढे केला नाही. माझा हात धरून उघडला, तोंडाजवळ नेला, आणि गालातल्या गोळ्या जिभेनं एकेक करून माझ्या तळहातावर ठेवल्या. पाच होत्या. ओल्या होत्या, आणि तिच्या तोंडाइतक्याच गरम.